कार्ड घेताय? आधी दिवस मोजा!

साताऱ्यातल्या ताईला दिवाळीच्या फराळासाठी क्रेडिट कार्ड हवंय, सांगलीतल्या दादाचे हात त्याच कार्डानं पोळलेत आणि मला तर कुणी कार्ड द्यायलाच तयार नव्हतं! छोट्या बिझनेससाठी कार्ड निवडायचं कसं, याचा आमच्याच घरात घेतलेला शोध.

रविवार सकाळ. साडेआठ वाजलेत. पुण्यातल्या माझ्या वन रूम किचनमध्ये मी गाढ झोपेत आणि उशाशी फोन खणखणतोय. स्क्रीनवर नाव, ताई सातारा.

"अगं झोपलीयेस काय अजून? ऊठ आणि मला सांग, लाउंज ॲक्सेस म्हणजे काय?"

माझी झोप खाडकन उतरली. ताई आजवर विमानात बसलेली नाही. तिचं सगळं विश्व राजवाड्याजवळचं घर, शेजारच्या खोलीतला चार शेगड्यांचा ओटा आणि त्यावर तळल्या जाणाऱ्या चकल्या. तिच्या तोंडी लाउंज ॲक्सेस?

झालं असं होतं की ताई बँकेत पैसे भरायला गेली आणि येताना क्रेडिट कार्डाची तीन माहितीपत्रकं घेऊन आली. टाय लावलेल्या एका उत्साही मुलानं तिला तिन्ही कार्डं समजावून सांगितली. पहिल्यावर एअरपोर्टच्या लाउंजमध्ये फुकट प्रवेश. दुसऱ्यावर पेट्रोलवर सूट. आणि तिसरं 'खास बिझनेससाठी', त्याची वार्षिक फी सगळ्यात जास्त. ताईचा प्रश्न साधा होता, यातलं कुठलं घेऊ? तू पत्रकार आहेस, तुला कळत असेल.

मंडळी, खरं सांगू? मला काहीही कळत नव्हतं.

चारशे बॉक्स आणि एक मोठी ऑर्डर

ताईचा फराळाचा उद्योग तसा घरगुती. सुरुवात नातेवाईकांपासून झाली, मग व्हॉट्सॲपवरून ऑर्डरी यायला लागल्या. गेल्या दिवाळीत तिनं चारशे बॉक्स विकले. यंदा पुण्यातल्या एका कंपनीनं एकदम दीडशे बॉक्सची ऑर्डर दिली. ताई हवेत! पण ऑर्डरसोबत एक ओळ आली, पेमेंट बिल दिल्यापासून ३० दिवसांनी.

इथंच खरी गोची आहे. तूप, तेल, बेसन, सुकं खोबरं, काजू, बॉक्स, कुरिअर, मदतीला येणाऱ्या दोघींची मजुरी, हे सगळं आधी रोख. पैसे मात्र नंतर. या मधल्या दिवसांचा खड्डा भरायला ताईला कार्ड हवं होतं.

तुमच्यापैकी कितीतरी जण हेच करत असतील. आठवडाभर नोकरी, वीकेंडला केक, टेराकोटाचे दागिने नाहीतर फोटोग्राफी. धंदा छोटा असला तरी खड्डा तोच असतो.

ताईच्या मागून आईचा आवाज आला. "कार्डाचं नाव काढू नका या घरात. मावशीच्या पाटल्या विसरलात का?"

फोनवर दोन्हीकडे शांतता. त्या पाटल्यांची गोष्ट आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती सहसा कुणी काढत नाही. मी बॅग भरली. आधी सातारा गाठायचं, मग तिथून सांगली.

'पर्यंत' या शब्दात सगळी गंमत!

ताईच्या डायनिंग टेबलवर आम्ही तिन्ही पत्रकं पसरली. तिन्हींवर ठळक अक्षरात एकच गोष्ट होती, ५० दिवसांपर्यंत बिनव्याजी! ताई म्हणाली, "हे भारी आहे की. ५० दिवस बँकेचे पैसे फुकट."

यातला 'पर्यंत' हा शब्द नीट वाचायचा. क्रेडिट कार्डाला महिन्यातून एक बिलाची तारीख असते आणि त्यानंतर साधारण २० दिवसांनी पैसे भरायची शेवटची तारीख. समजा, बिल १० तारखेला निघतं आणि पैसे ३० तारखेला भरायचे. ताईनं ११ सप्टेंबरला तूप घेतलं, तर ते १० ऑक्टोबरच्या बिलात येईल आणि पैसे ३० ऑक्टोबरला द्यावे लागतील. म्हणजे ४९ दिवस मिळाले. पण हेच तूप तिनं ९ सप्टेंबरला घेतलं, तर ते दुसऱ्याच दिवशी बिलात आणि ३० सप्टेंबरला पैसे द्या. फक्त २१ दिवस!

दुकान तेच, तूप तेच, कार्ड तेच. खरेदी दोन दिवस अलीकडे-पलीकडे झाली आणि चार आठवड्यांचा फरक पडला.

बरं, ३० तारखेला पूर्ण पैसे नाही भरले तर? तर बिलावर एक गोड ओळ असते, मिनिमम अमाउंट ड्यू. माझ्याकडे मास कम्युनिकेशनची डिग्री आहे, तरी परवा-परवापर्यंत मला वाटायचं की ही बँकेनं दिलेली सवलत आहे. आज एवढेच भरा, बाकीचे सावकाश. किती चांगली माणसं!

ताईनं पत्रकाच्या मागची बारीक अक्षरं वाचली. उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्के व्याज. ओट्याजवळ शेव गाळत बसलेल्या काकू, ताईच्या मदतनीस, म्हसवडकडच्या, त्यांनी मान वर केली.

"शेकडा साडेतीन? म्हंजे लाखाला साडेतीन हजार म्हैन्याला. वर्साला बेचाळीस हजार की. आमच्याकडचा सावकार बरा म्हनायचा मग!"

काकूंनी हे तोंडी काढलं, शेव गाळता गाळता. मी अजून मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर शोधत होते.

काकूंच्या हिशेबात फक्त एक भर घालायची. कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटीही लागतो. म्हणजे १ लाखाच्या थकबाकीवर महिन्याला ३,५०० रुपये व्याज आणि ६३० रुपये जीएसटी, मिळून ४,१३०. मिनिमम ड्यू समजा ५ टक्के, म्हणजे ५,००० रुपये. ते भरून तुम्ही निवांत झालात, पण मूळ रकमेतून गेले फक्त ८७० रुपये! वर अजून एक फटका आहे. जुनी बाकी राहिली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. त्या तुपावर घेतल्या दिवसापासून व्याज सुरू.

म्हसवडच्या बायकांचा फंडा

काकूंचा तो हिशेब ऐकून मला त्यांच्याच गावची एक गोष्ट आठवली. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, म्हसवडला, माणदेशी महिला सहकारी बँक आहे. चेतना सिन्हा यांनी गावातल्या बायकांना घेऊन ती उभी केली. पहिल्यांदा रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला, कारण अर्ज करणाऱ्या बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायका गावी परतल्या, अक्षरं शिकल्या आणि पुन्हा अधिकाऱ्यांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. आम्हाला वाचता येत नसलं म्हणून काय झालं, व्याजाचा हिशेब तर आम्ही तोंडी करतो, हे त्यांचं म्हणणं होतं. १९९७ मध्ये बँक सुरू झाली.

ही गोष्ट आपण 'किती प्रेरणादायी' म्हणून फॉरवर्ड करतो आणि सोडून देतो. पण कार्ड निवडताना ती कामाची आहे. ज्या कर्जाचं व्याज तुम्हाला स्वतःला काढता येत नाही, ते कर्ज तुम्ही घेऊ नये. मग कार्ड कितीही चकाचक असो.

कृष्णेच्या काठानं सांगलीला

साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णेला वेण्णा मिळते. तीच कृष्णा पुढं कराडवरून सांगलीला पोचते आणि हरिपूरला तिला वारणा मिळते. मीही त्याच वाटेनं एसटीनं निघाले. हा प्रवास मी लहानपणापासून दर उन्हाळ्याच्या सुट्टीत केलाय, पण या वेळी पोटात गोळा होता. दादाला त्याच्या कर्जाबद्दल कधी कुणी सरळ विचारलं नव्हतं.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. त्याचा धंदा हळदीचा. सांगलीच्या बाजारातून हळकुंडं घ्यायची, दळायची, पाव आणि अर्ध्या किलोच्या पुड्या करून पुण्या-मुंबईच्या दुकानांना द्यायच्या. सांगलीची हळद म्हणजे काही साधं प्रकरण नाही. २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. हरिपूरला जमिनीत खोल पेवं खणून त्यात हळद साठवायची पद्धत होती, वर्षानुवर्षं ती तिथं टिकायची. २००५ च्या महापुरात त्या पेवांचं मोठं नुकसान झालं. आता बहुतेक माल गोदामांत आणि कोल्ड स्टोरेजमध्ये असतो.

चहा झाला, भडंग झालं. मग मी विचारलं. दादा थोडा वेळ भडंगातले शेंगदाणे वेचत बसला.

"तायडे, कार्डाला कशाला शिव्या देऊ? चूक माझीच होती. हळद कार्डावर घेतली."

नवी हळद बाजारात येते ती साधारण फेब्रुवारीपासून उन्हाळ्यापर्यंत. दादाला वर्षाचा माल तेव्हाच भरावा लागतो. २०१९ च्या त्या सीझनला त्याच्याकडे पैसे कमी होते, पाकिटात दोन कार्डं होती. आडत्याकडे कार्ड चालत नाही, म्हणून त्यानं कार्ड एटीएममध्ये घालून जमेल तेवढी रोकड काढली. उरलेल्या लिमिटवर सीलिंग मशीन आणि पॅकिंगचं सामान घेतलं. एकूण १ लाख ८० हजार.

इथं थांबा, कारण ही चूक अनेक जण करतात. कार्डानं एटीएममधून रोकड काढली तर तिला बिनव्याजी दिवस नसतात. पैसे हातात पडल्यापासून व्याज चालू, वर काढण्याची फी वेगळी.

"मला वाटलं, दोन महिन्यांत थोडा माल विकून भागवीन," दादा म्हणाला. "पण हळद दोन महिन्यांत विकली जात नाही गं. शेवटच्या पोत्याचे पैसे पुढच्या जानेवारीत येतात."

आणि मग आला ऑगस्ट. २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं, दादाच्या गाळ्यातही. पाणी उतरल्यावर आतली हळद पिवळ्या चिखलासारखी झाली होती. मशीन गेलं. इन्शुरन्स नव्हता. कार्डाचं बिल मात्र ठरल्या तारखेला आलं.

तिथून मिनिमम ड्यूचं चक्र सुरू झालं. दरमहा ९ हजार भरायचे, त्यातले ७,४३४ रुपये व्याज आणि जीएसटीत जायचे. वर्षाच्या आत लॉकडाउन आला. रिझर्व्ह बँकेनं २०२० मध्ये हप्ते पुढं ढकलायची मुभा दिली, ती मार्च ते ऑगस्टपर्यंत होती आणि कार्डाच्या थकबाकीलाही होती. दादानं ती घेतली. पण हप्ता थांबला तरी व्याज थांबलं नव्हतं. सहा महिन्यांनी बाकी दोन लाखांच्या वर गेली होती.

मावशी तेव्हा एक शब्द बोलली नाही. कपाटातून पाटल्या काढून तिनं टेबलावर ठेवल्या. त्या तारण ठेवून सोनेतारण कर्ज मिळालं, महिन्याला टक्क्याच्या आसपास व्याजानं, आणि दोन्ही कार्डं एका दिवसात बंद झाली. पाटल्या सोडवायला दादाला पुढं दोन वर्षं लागली.

"त्या दोन वर्षांत आई एका लग्नाला गेली नाही," तो म्हणाला. "हात मोकळे घेऊन कुठं जाऊ, म्हणायची."

मावशी आत भाकऱ्या थापत होती. पाटल्यांचा आवाज बाहेर येत होता. दादानं पुढं काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

धंद्याचं घड्याळ

परतीच्या एसटीत मी वहीत तीन रेघा मारल्या. एक ताईची, एक दादाची, एक माझी. प्रत्येक रेघेवर लिहिलं, पैसे कधी जातात आणि कधी येतात.

ताईचा फराळ. माल दिवाळीच्या २० दिवस आधी. घरगुती गिऱ्हाइकांचे पैसे दिवाळीपर्यंत हातात. कंपनीला बॉक्स दिवाळीच्या ८ दिवस आधी जातात, त्यानंतर ३० दिवसांनी पेमेंट. म्हणजे खरेदीपासून ४२ दिवस. कार्डाचे जास्तीत जास्त दिवस ४९. बसतंय, पण जेमतेम. कंपनीच्या अकाउंट्समधला एक माणूस दिवाळीच्या सुट्टीवर गेला की सगळं गणित कोसळलं! म्हणून कंपनीकडून निम्मे पैसे आगाऊ मागायचे आणि कार्डावर फक्त तेवढंच घ्यायचं, जे घरगुती गिऱ्हाइकं नक्की फेडतील.

दादाची हळद. खरेदी उन्हाळ्यात, शेवटचा पैसा दहा महिन्यांनी. ३०० दिवसांच्या धंद्याला ५० दिवसांचं कार्ड कसं पुरणार? त्याला हवं होतं बँकेचं कॅश क्रेडिट, जिथं मालाच्या तारणावर वर्षाची मर्यादा मिळते आणि वापरलेल्या रकमेवरच व्याज लागतं. कोल्ड स्टोरेजमधल्या मालाच्या पावतीवरही बँका कर्ज देतात. २०१५ पासून मुद्रा योजनेत विनातारण कर्जाची सोय आहे. आज दादाचं कॅश क्रेडिट खातं आहे. कार्डही आहे, एकच. त्यावर फक्त कुरिअर आणि पुड्यांचं प्लास्टिक, कारण त्यांचे पैसे महिन्याभरात फिरून येतात.

आता माझी रेघ. लेख छापून आल्यावर माझं मानधन यायला ६० दिवस लागतात, कधी ९०. म्हणजे कार्डावर जगायला मी सगळ्यात नालायक! बँकांनाही ते कळलं असावं. सॅलरी स्लिप नाही म्हणून माझे दोन अर्ज परत आले. शेवटी ३० हजारांची एफडी ठेवून तिच्यावर कार्ड घेतलं, लिमिट २४ हजार. फ्रीलान्सर आणि नव्या धंदेवाल्यांसाठी हा रस्ता बरा आहे. पत तयार होते, आणि लिमिटच लहान असल्यामुळे वाहवत जायची सोय नसते.

मॅनेजरकाका गेले, स्कोअर आला

आमच्या आजोबांना हे सगळं करावं लागलं नाही. साताऱ्यात तेव्हा युनायटेड वेस्टर्न बँक होती, १९३६ ची. सांगलीत सांगली बँक, १९१६ ची. मॅनेजर ओळखीचा, कुणाचा धंदा कधी चालतो आणि कोण कधी पैसे देतो, हे त्याच्या डोक्यात. २००६ मध्ये युनायटेड वेस्टर्न आयडीबीआयमध्ये गेली आणि २००७ मध्ये सांगली बँक आयसीआयसीआयमध्ये.

जुनं सगळं सोन्याचं होतं असं मी म्हणणार नाही. ओळख नसलेल्याला तेव्हा कोण विचारत होतं? पण आता तुमची ओळख म्हणजे ३०० ते ९०० मधला एक आकडा, सिबिल स्कोअर. त्या आकड्याला हळदीचा सीझन कळत नाही, पूर कळत नाही. त्याला एवढंच कळतं की तारीख चुकली. आणि दुकान तुमच्या एकट्याच्या मालकीचं असेल, तर धंद्याची थकबाकी ही तुमचीच थकबाकी. उद्या घराचं कर्ज मागायला गेलात की तोच आकडा समोर येतो.

तर कार्ड निवडायचं कसं?

ताईच्या फ्रिजवर आम्ही चिकटवलेली यादी तुम्हालाही देते.

१. आधी दिवस, मग कार्ड. माल घेतल्यापासून पैसे परत यायला तुम्हाला किती दिवस लागतात? ३५-४० पेक्षा जास्त लागत असतील, तर त्या खर्चासाठी कार्ड नको, कर्जाकडे वळा.

२. बिलाची तारीख बदलून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनी ग्राहकाला बिलाचं चक्र बदलून घ्यायचा हक्क दिला. तुमची मोठी खरेदी ज्या तारखेला असते, तिच्या आदल्या दिवशी बिल निघालं पाहिजे.

३. तुमचा दुकानदार कार्ड घेतो का? २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, म्हणजे क्यूआर स्कॅन करून पैसे देता येतात. पण तो क्यूआर दुकानाचा, मर्चंटचा हवा. दुकानदारानं स्वतःच्या नावाचा साधा क्यूआर लावला असेल, तर क्रेडिट कार्डाचे पैसे जाणार नाहीत. ताईचा किराणावाला आणि बॉक्सवाला, दोघांकडे आधी विचारून या.

४. फी वसूल होते का? समजा फी १,००० रुपये, जीएसटीसह १,१८०. कार्ड खर्चावर १ टक्का परत देतं. म्हणजे नुसती फी भरून निघायला वर्षाला १ लाख १८ हजारांची खरेदी हवी. तेवढी नसेल तर बिनफीचं साधं कार्ड बरं. आणि पॉइंट मिळतात म्हणून खरेदी वाढवणं म्हणजे सूट मिळते म्हणून दोन नंबर मोठी चप्पल घेणं.

५. घर वेगळं, धंदा वेगळा. धंद्यासाठी स्वतंत्र कार्ड ठेवा, त्यावर घरचा किराणासुद्धा नको. जीएसटी नोंदणी असेल तर बँकेला तो नंबर द्या, म्हणजे फीवरच्या जीएसटीचं क्रेडिट मागता येतं.

६. लिमिट कमी मागा. बँक २ लाख देतेय म्हणून घेऊ नका. परवानगीशिवाय बँकेला लिमिट वाढवता येत नाही आणि न मागता कार्डही पाठवता येत नाही.

७. ऑटो पे लावा, पूर्ण रकमेचा. सेटिंगमध्ये मिनिमम आणि टोटल असे दोन पर्याय असतात. टोटल निवडा.

८. नको असेल तर बंद करा. थकबाकी नसेल तर अर्ज केल्यापासून कामाच्या सात दिवसांत कार्ड बंद झालं पाहिजे. नाहीतर बँकेनं तुम्हाला दिवसाला ५०० रुपये द्यायचे, असा २०२२ चा नियम आहे.

आणि एक बोनस. उद्यम पोर्टलवर नोंदणी करून टाका, ती मोफत आहे. नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगाचे पैसे मोठ्या कंपनीनं जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असा कायदा आहे. शिवाय २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगांसाठी ५ लाखांपर्यंत मर्यादेची खास क्रेडिट कार्डं जाहीर झाली, पहिल्या वर्षी १० लाख. तुमच्या शाखेत जाऊन विचारा. पण मिळालं तरी वरची आठ कलमं लागू!

कालनिर्णयवरची दोन वर्तुळं

शेवटी ताईनं काय केलं? लाउंजवालं कार्ड परत, पेट्रोलवालं परत, 'खास बिझनेस'वालंही परत. तिनं बिनफीचं साधं रुपे कार्ड घेतलं. बँक लाखाचं लिमिट देत होती, तिनं ६० हजार मागितले. टायवाला मुलगा बुचकळ्यात पडला म्हणे, कमी लिमिट मागणारी ही पहिलीच बाई असेल. कंपनीला तिनं निम्म्या ॲडव्हान्सचं पत्र पाठवलं. मला वाटलं ऑर्डर जाणार. चार दिवसांनी पैसे खात्यात!

आईचं मन मात्र वळत नव्हतं. तेव्हा दादानं सांगलीहून फोन केला. "मावशी, घेऊ दे तिला. फक्त तारखा तुझ्या ताब्यात ठेव."

आता स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर आईनं लाल पेननं दोन वर्तुळं काढलीत. एक बिलाच्या तारखेवर, एक पैसे भरायच्या. एकादशी आणि संकष्टीच्या बरोबरीनं. पहिल्या बिलाच्या दिवशी ती सकाळीच ताईला म्हणाली, "उद्यापासून घ्यायचं ते घे. आज तुपाला हात लावायचा नाही."

रविवारी पुन्हा फोन वाजला. सकाळचे साडेआठ.

"अगं, ते लाउंजचं राहिलंच. काय असतं तिथं?"

"विमानतळावर बसायला मऊ खुर्च्या आणि फुकटात खायला," मी उशीत तोंड खुपसूनच म्हणाले.

"हात्तिच्या! मग त्यांनाच विचार की, दिवाळीला फराळ लागेल का? पण निम्मा ॲडव्हान्स आधी सांग!"